व्हर्नाच्या नळीत काय होतं

लमार रूल बंदुकीच्या नळ्या उभ्या कापून आत बघायचा. त्याच्याबद्दल बोलायचं म्हटलं की आमच्या खोऱ्यात सगळे आधी हेच सांगतात, म्हणून मीही इथूनच सुरुवात करतो. याहून चांगली सुरुवात मला सुचली नाही.

पोटासाठी तो शाळेच्या बस दुरुस्त करायचा. संध्याकाळी आणि शनिवारी घरामागच्या शेडमध्ये रायफली बांधायचा, आणि निवृत्त झाल्यावर दिवसभर तेच. नळी काही तो स्वतः बनवत नसे. ती कारखान्यातून यायची: पोलादाची जाड कांब, मधोमध भोक, आणि भोकाच्या आत पीळ दिलेले चर. गोळी त्या चरांत दाबली जाते, भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, आणि म्हणून सरळ जाते. लमार कांबेच्या मागच्या टोकाला काडतुसासाठी घर कोरायचा, आटे पाडायचा, पुढचं तोंड घासून नीट करायचा आणि ती रायफलीवर चढवायचा. आमच्याकडे नेमबाजीचं मैदान ओढ्याच्या अलीकडून पलीकडच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत आहे, हजार यार्ड, म्हणजे किलोमीटरला जरा कमी. तिथे दर महिन्याला कागदावर नेम धरायला जी माणसं जमायची त्यांतल्या बहुतेकांच्या रायफली लमारच्या हातच्या होत्या.

मी स्वतः नेमबाज नाही. लमारच्या शेजारी राहायचो, त्याच्या शेडमध्ये शेगडी असायची आणि कॉफी असायची, एवढाच माझा या गोष्टीशी संबंध. तेव्हा कामातलं काही चुकीचं सांगितलं गेलं तर तो दोष माझा, लमारचा नाही.

नळीचं असं आहे की ती मरते. प्रत्येक गोळीमागे जाळाचा एक लोट तिच्या घशातून जातो आणि घसा थोडा थोडा झिजत जातो. काही हंगाम गेले की गोळ्या पसरायला लागतात. मग नवी नळी. यात कुणाला दुःख होत नाही, गाडीचं टायर बदलावं तसं ते आहे. पण नळीचं दुसरंही एक आहे. एकाच कारखान्यातून, एकाच पोलादाच्या, एकाच आठवड्यात दोन नळ्या येतात. एक पाच गोळ्यांचा पुंजका बशीएवढ्या जागेत बसवते, दुसरी जेवणाच्या ताटाएवढ्या. का, ते कुणाला ठाऊक नाही. कारखानदाराला विचारलं तर तो कारणं सांगतो, पण पुढच्या वेळी विचारलं तर वेगळी सांगतो.

लमारला हे सहन होत नसे. "बस बंद पडली की का बंद पडली ते सापडतंच," तो म्हणायचा. "आज नाही तर परवा. मग हे का नाही सापडत?"

त्यातूनच उघडणी सुरू झाली. ऑक्टोबरात शेवटची स्पर्धा झाली की त्या वर्षी मेलेल्या नळ्या जो तो लमारला आणून देई, आणि संध्याकाळी सगळे त्याच्या शेडमध्ये जमत. त्याची बायको एल्डा घेवडा आणि हॅमचं सूप करायची, इतरांच्या घरून काकवीचे केक यायचे. लमार एकेक नळी यंत्रात आडवी घट्ट धरायचा आणि बारीक पात्याने लांबीत कापायचा. वाटाण्याची शेंग उघडावी तशी नळी उघडायची. मग ती दोन शकलं हातोहात फिरायची. जो तो चरांवरून नख फिरवायचा, चष्मा वर करून डोळ्याजवळ न्यायचा, आणि आपापला तर्क सांगायचा. एल्डा त्या भिंतीला लमारचं शवागार म्हणायची, कारण कापलेली शकलं तो खिळ्यांना टांगून ठेवी.

सापडलं काय? काही नाही. चांगल्या नळीत जे दिसे तेच वाईट नळीतही दिसे. लमार दर वर्षी नवीन पातं आणायचा.

आणि खोऱ्यातली सगळ्यात चांगली नळी मात्र भिंतीवर नव्हती. ती व्हर्नाकडे होती.

व्हर्ना हॉकनबेरी डोंगरातल्या घरांना टपाल पोचवायची. उंच, हाडापेराने मोठी, सगळ्यांना अरे-तुरे करणारी बाई. हजार यार्डांवर वारा ओळखणं ही अर्धी विद्या आहे, आणि ती तिला कुणी शिकवली नव्हती. "जन्मभर एक हात गाडीच्या खिडकीबाहेर होता," ती म्हणायची. "वारा मला कोपरात कळतो." मी सांगणार आहे त्या वर्षाच्या नऊ वर्षं आधी तिला पहिली रायफल हवी झाली तेव्हा लमारकडे दोन नळ्या आल्या होत्या. त्याने दोन्ही तपासून उजवी स्वतःला ठेवली. डावी त्याने बाजूला टाकली होती. आतून खरबरीत, नांगरलेल्या शेतासारख्या ओरखड्यांची. ती परत पाठवायची म्हणून खोक्यात भरतही होता.

"ही तुला देणार नाही," त्याने व्हर्नाला सरळ सांगितलं होतं. "हरणं मारायला ठीक आहे. कागदावर मारायला नाही."

"माझ्या नेमापेक्षा वाईट आहे का ती?"

"नाही. तुझा नेम अजून नाहीच आहे."

"मग आम्ही दोघी जोडीने शिकू. दे."

पहिल्याच हंगामात त्या नळीने लमारला हरवलं. दुसऱ्या हंगामात सगळ्यांना. तेव्हापासून लमार व्हर्नाशी बोलताना तिच्याकडे कमी आणि तिच्या रायफलीकडे जास्त बघायचा.

मी सांगतोय त्या वर्षी एल्डाने ठरवलं होतं की आता गुडघ्यांना इथला हिवाळा नको, मुलीकडे नॉर्थ कॅरोलिनाला जायचं, कायमचं. नळ्या फिरवून कोरायचा लेथ ओहायोतल्या एका माणसाने विकत घेतला होता आणि तो सप्टेंबरात न्यायला येणार होता. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात उघडणी नव्हती. पुन्हा कधीच नव्हती.  लमार कॉफी ओतताना भिंतीवरच्या शकलांकडे बघायचा, आणि कप भरून सांडायचा.

एप्रिलात एका सकाळी व्हर्ना शेडमध्ये आली. मी तिथेच होतो.

"लमार, जायच्या आधी मला एक नवी रायफल बांधून दे. तुझ्या हातची शेवटची."

"जुनीला काय झालं?"

"घसा गेलाय. पाचातली एक गोळी कुठेतरी भटकायला जाते."

लमारने हातातलं फडकं खाली ठेवलं. "म्हणजे मेली?"

"चेहरा बघ याचा," व्हर्ना मला म्हणाली. "मी म्हटलं आजारी आहे, आणि हा लगेच करवत शोधायला लागला." मग त्याच्याकडे वळून, "मेलेली नाही. मागून बोटभर तुकडा कापून टाकलास आणि नवं घर कोरलंस तर अजून दोन-तीन हंगाम काढेल. काढेल ना?"

लमार खोटं बोलू शकला असता. झीज खोल गेली आहे, आता कापून उपयोग नाही, असं म्हणाला असता तर तिने मान डोलावली असती. या बाबतीत त्याचा शब्द कुणी तपासून बघत नसे. 

"काढेल," तो म्हणाला. "पण दोन-तीन हंगामांनी मी इथे नसेन, व्हर्ना."

"एवढी हवीय तुला ती?"

"मी टाकाऊ म्हणून दिलेली नळी मी निवडलेल्या प्रत्येक नळीला हरवते. नऊ वर्षं. मला दुसरं काही नको. फक्त का, ते बघायचंय."

व्हर्ना स्टुलावर बसली. तिने खिशातून खारे शेंगदाणे काढले, मला दिले, त्याला दिले, स्वतः खाल्ले.

"ऐक मग. नवी रायफल बांध. नळी तू निवड, मी तोंड घालणार नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी दोन्ही रायफली मारू, पाच-पाच गोळ्या. नवीने जुनीला हरवलं तर जुनी नळी तुझी, काप, तळून खा, काय वाटेल ते कर. नाही हरवलं, तर जायच्या आधी जुनीचं मागचं कापून नवं घर कोरून मला परत द्यायची."

लमारने शेंगदाणा तोंडात तसाच धरला. "म्हणजे तिच्यात काय आहे ते न बघता तिच्याहून चांगली नळी शोधायची. आणि ती सापडली, तरच हिच्यात काय आहे ते बघायला मिळणार."

"बरोबर."

"हे उलटं आहे."

"मी टपाल वाटलंय, लमार. पाकीट आधी पोचवायचं असतं. मग उघडायचं."

त्याने हात पुढे केला. तिने मीठ पुसून तो हातात घेतला.

पुढचे काही आठवडे लमार शेडमधून जेवायलाच तेवढा बाहेर यायचा. मोंटानातल्या कारखान्यातून तीन नळ्या आल्या होत्या. काही गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या. व्हर्ना लांबट, जड गोळ्या वापरायची, आणि गोळी लांब असली की पीळ घट्ट लागतो, नाहीतर ती वाटेतच कोलांट्या खाते आणि कागदाला आडवं भोक पाडते. जाडीही ठरलेली होती. हलक्या गटातल्या रायफलीला वजनाची मर्यादा असते, दुर्बिणीसकट तिच्या आत बसावं लागतं. आणि पोलाद गंज न धरणारं, घसा जरा जास्त टिकतो म्हणून. लमार म्हणायचा, "हे सगळं दुकानदारही सांगेल. खरी निवड याच्यानंतर सुरू होते."

निवडायची त्याची पद्धत अशी. मऊ शिशाची एक गोळी नळीच्या मागच्या तोंडात बसवायची आणि सळईने हळूहळू पुढे ढकलत न्यायची. डोळे मिटून. त्या वेळी रेडिओ बंद. घरात एल्डाने कपडे धुण्याचं यंत्र लावायचं नाही, कारण त्याची थरथर त्याला जमिनीतून कळायची. गोळी कुठे सैल होते, कुठे अडते, हे तो तळहाताने वाचायचा. आतमध्ये केसाच्या कितव्यातरी हिश्श्याएवढा फरक असला तरी सळई सांगते, असं तो म्हणे.

या तीन नळ्या तपासल्या त्या दिवशी रॉय फेटरॉल्फही आला होता. पशुखाद्याची गिरणी त्याची, आणि आमच्या स्पर्धांचा पंच तोच. लमारने सळई त्याच्या हातात दिली.

"बघ. मध्यावर जरा अडते की नाही?"

रॉयने ढकलली. "मला तर तिन्ही सारख्याच लागतात."

"तुला बिअरही सगळ्या सारख्याच लागतात."

मलाही ढकलून बघायला दिली. मला काहीच कळलं नाही, पण मी "हं" म्हटलं.

पहिली नळी आरशासारखी होती, पण मध्यावर एक जागा अंगठीएवढी घट्ट होती. तिसरी सळईला फार छान लागायची, पुढे जाताना हळूहळू आवळत जायची, जशी जावी तशी. पण लमारने तिच्यात बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर ओरखडेच ओरखडे दिसले. व्हर्नाच्या नळीत होते अगदी तसे. तो कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत बसला.

"लेका, सोपं तर आहे," रॉय म्हणाला. "तुला जी आवडत नाही ती घे. मागच्या वेळी तेच झालं होतं."

मी हसलो. लमार हसला नाही.

"मी तोच विचार करतोय," तो म्हणाला. "पण मागच्या वेळी मी ती निवडली नव्हती, टाकली होती. आता ओरखडे बघून मुद्दाम हीच घेतली, तर ती माझी निवड झाली. मग ती टाकलेली कुठे राहिली?"

एल्डा दारात उभी होती. "रॉय, हे काय करून ठेवलंस? आता हा आठवडाभर मीठ मागितलं की साखर देईल."

आठवडाभर नाही, पण चार-पाच दिवस तसंच चाललं. लमार तिसरी उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. भिंतीवरची शकलं खाली काढून त्यांतले ओरखडे बघायचा. स्पर्धेला येणाऱ्या क्लाइडच्या नळीतही ओरखडे होते आणि क्लाइडची नळी तर दगड होती. म्हणजे ओरखडे हे कारण नव्हतं. मग ते काहीतरी दुसरं असणार, जे ओरखड्यांच्या आड लपून बसलं होतं. किंवा ते नळीत नव्हतंच, तिच्या पोलादात होतं, किंवा घर कोरताना त्याच्याच हातून त्या दिवशी काहीतरी बरोबर झालं होतं आणि त्याला कळलं नव्हतं. ही शेवटची शक्यता त्याला सगळ्यात जास्त छळायची.

शेवटी त्याने दुसरी घेतली. तिच्याबद्दल मी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

"ही का?" मी विचारलं.

"त्या दोघींबद्दल मी दिवसभर बोलू शकतो. हिच्याबद्दल मला एक वाक्य सुचत नाही." तो नळीवरून फडकं फिरवत होता. "सळई आत गेली आणि बाहेर आली. मध्ये काही झालंच नाही."

मग त्याने ती लेथवर चढवली आणि आतलं भोक कुठे वाकडं आहे ते शोधलं. कुठल्याही नळीतलं भोक पुरतं सरळ नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. लमार तो बाक शोधून वरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे गोळी डावी-उजवीकडे न जाता जरा उंच जाते, आणि तेवढं दुर्बिणीत सुधारून घेता येतं. जूनमध्ये रायफल तयार झाली. व्हर्नाने पहिल्याच दिवशी मारून बघितली आणि लमारच्या टकलाचा मुका घेतला. नळी खरोखरच चांगली होती. लमार रंगात आला. त्याने करवतीसाठी पातं मागवलं.

जुलैत रॉयने आक्षेप काढला. मैदानावरच, सगळ्यांसमोर.

"व्हर्नाने दोन्ही मारायच्या म्हणजे अन्याय आहे. जुनी रायफल तिला आपल्या स्वयंपाकघरासारखी पाठ आहे, अंधारातही चमचा सापडेल. नवीने काय करायचं? व्हर्ना नवी मारेल. जुनी दुसऱ्या कुणीतरी."

"कुणी?" व्हर्ना म्हणाली.

"लमारने. त्याने ती कधीच मारलेली नाही."

हे खरं होतं. नऊ वर्षांत त्याने तिला कितीदा तरी हातात घेतलं होतं, साफ केलं होतं, पण कधी मारून बघितलं नव्हतं. मागायला लाजायचा.

"वा!" एल्डा म्हणाली. "जुनी हरली तर ह्याला मिळणार, आणि ती मारणार हाच. कोल्ह्याला कोंबड्या राखायला ठेवा."

सगळे हसले. व्हर्नाने लमारकडे बघितलं. "मला चालेल," ती म्हणाली.

जुनी रायफल लमारकडे सरावासाठी आली. त्याने ती टेबलावर ठेवली, आणि अर्थातच त्याला राहवलं नाही. घसा किती झिजलाय ते त्याने मोजलं. झीज पुढे सरकल्यामुळे गोळीला चर पकडण्याआधी बरंच अंतर मोकळं जावं लागत होतं, आणि त्यात एखादी तिरपी शिरत होती. पाचातली एक भटकते ती यामुळे. लमारने काडतुसं भरताना गोळी जराशी पुढे बसवली. मारून बघितलं. अजून जराशी पुढे. भटकणारी गोळी घरी परत आली.

एल्डा कॉफी घेऊन आली तेव्हा तो आनंदात मला हे सांगत होता.

"थांब, थांब," ती म्हणाली. "जुनी हरली तर तुला मिळणार ना?"

"हो."

"मग तिला बरं कशाला करतोयस?"

लमारने हातातलं काडतूस खाली ठेवलं. "गोळी पुढे सरकवली तर काय होतं ते बघत होतो फक्त."

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोयस."

"आजारी असताना हरवली तर काय हरवली?" तो म्हणाला, पण हे त्याला आत्ताच सुचलं होतं हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी ओढ्यावरचं धुकं उशिरा उठलं. रॉय आणखी एकाला घेऊन पलीकडे लक्ष्याच्या खंदकात गेला. सिमेंटच्या टेबलांमागे व्हर्ना, लमार, एल्डा, मी आणि क्लबातले सात-आठ जण. मैदानभर वाऱ्याची छोटी निशाणं लावलेली होती. सरावाच्या गोळ्या कुठे लागल्या ते खंदकातून पांढरी चकती लावून दाखवतात. खऱ्या पाच गोळ्या मात्र दाखवत नाहीत. त्या कुठे गेल्या ते कागद परत येईपर्यंत मारणाऱ्यालाही कळत नाही.

व्हर्ना आधी बसली. तिची पद्धत झपाट्याची. निशाणं एका दिशेला स्थिर होईपर्यंत ती थांबली, आणि मग वारा बदलायच्या आत पाचही गोळ्या सोडल्या. उठून तिने मान कडकड मोडली. "चांगली आहे रे तुझी पोर," ती लमारला म्हणाली.

मग लमार बसला. दस्ता वाळूच्या पिशवीवर नीट केला. सरावाची पहिली गोळी मारली. पलीकडे चकती वर आली. दुसरी मारली. चकती खाली गेली, वर आली, होती तिथेच. लमारने खंदकाशी बोलायचा रेडिओ उचलला.

"रॉय, दुसरी दाखव की."

"दाखवली. पहिलीला चिकटूनच आहे."

लमारने रेडिओ खाली ठेवला.  मग त्याने टोपी उलटी केली.

पहिली खरी गोळी त्याने सोडली. दुसरी. मग ओढ्याजवळचं निशाण पडलं आणि त्याने बोट घोड्यावरून काढून घेतलं. एक सैल गोळी तिथे सुटली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, असला वारा होता. तो थांबला. निशाण पुन्हा उठलं, उलट्या बाजूला गेलं. तो थांबूनच राहिला. पाच गोळ्यांसाठी दिलेली वेळ संपत आली होती आणि मागे लोक घड्याळं बघायला लागले.

"गेला," एल्डा माझ्या कानात म्हणाली.

"कोण?"

"हा. करवत विसरला बघ. मी ओळखते ती पाठ."

वारा परत पहिल्यासारखा झाला तेव्हा त्याने तिसरी मारली, आणि चौथी, आणि पुन्हा थांबला, आणि अगदी शेवटी पाचवी. उठला तेव्हा त्याच्या कपाळावर दुर्बिणीचा लाल गोल उमटला होता.

रॉय पिकअपमधून दोन्ही कागद घेऊन आला. आधी व्हर्नाचा टेबलावर पसरला. पाच भोकं तिच्या तळहाताखाली झाकली गेली. आमच्या खोऱ्यात असा पुंजका वर्षात एखाद्याच वेळी पडतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी लमारच्या पाठीत थाप मारली, आणि तो कसंनुसं हसला. त्याचे डोळे दुसऱ्या गुंडाळीवर होते.

रॉयने ती उलगडली. मग इकडेतिकडे बघितलं, एल्डाच्या डब्यांतून बिटाच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उचललं आणि कागदावर ठेवलं. एकही भोक बाहेर दिसत नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोजायची पट्टी आणायलाही कुणी गेलं नाही.

"लमार," व्हर्ना म्हणाली, "हे तू मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम मला असं कधी जमलंय का?"

"अरे लेका, एक गोळी!" रॉय म्हणाला. "एकच गोळी वाऱ्यात सोडून द्यायची होतीस. मीही काही बोललो नसतो."

"माहीत होतं मला."

"मग?"

लमारने झाकण उचललं आणि त्या भोकांकडे बघितलं. "सोडून देणारही होतो. पण चौथी गेली तेव्हा वाटलं, पाचवी कुठे जाते ते बघावं."

व्हर्नाने नाक शिंकरलं. मग ती टेबलाकडे गेली, आपली जुनी रायफल उचलली आणि त्याच्यासमोर धरली. "घेऊन जा. काप. मला नवी पुरे आहे."

लमारने हात मागे नेले. खरंच मागे नेले, गरम पाव पुढे केला की मुलं नेतात तसे.

"आज सकाळी दिली असतीस तर कापली असती," तो म्हणाला. "आता माझ्याने व्हायचं नाही."

ओहायोचा माणूस लेथ न्यायला आला त्याच्या आधल्या दिवशी लमारने ते काम केलं. नळीचा मागचा बोटभर तुकडा कापला, नवे आटे पाडले, नवं घर कोरलं. मी इतकी वर्षं त्याला बघत होतो, पण एवढं सावकाश काम करताना कधी पाहिलं नव्हतं. दर थोड्या वेळाने तो यंत्र थांबवून बोट फिरवायचा आणि मान हलवायचा.

कापलेला तुकडा ट्रेमध्ये पडला होता. तो त्याने हातकरवतीने तिथल्या तिथे उभा कापला आणि शेगडीजवळच्या उजेडात नेला. मी पण वाकून बघितलं. आतलं पोलाद उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारखं तडकलेलं होतं. चर जवळजवळ उरलेच नव्हते.

"यातून गेल्या त्या पाच," लमार म्हणाला. "यातून!" तो ते शकल उजेडात इकडून तिकडे फिरवत होता. "म्हणजे घशाचं मी जे समजत होतो तेही तसं नाही."

व्हर्ना रायफल न्यायला आली तेव्हा तो तिला समजावून सांगत होता: आता गोळी पहिल्यासारखी मागे बसव, घासताना ब्रश फार चालवू नको, ओरखड्यांत जे साठलंय ते साठू दे, कदाचित तेच असेल. ती हो हो म्हणत होती.

"आणि मेली की मला कळव," तो म्हणाला.

"करवत विकलीय आपण!" घरातून एल्डा ओरडली.

"तिकडे मिळेल की एखादी."

"आधी मरू तर दे तिला," व्हर्ना म्हणाली, आणि रायफल खांद्याला लावून गाडीकडे निघाली. लमार तिच्यामागोमाग गाडीपर्यंत गेला. अजून काहीतरी सांगायचं राहिलं होतं त्याचं.